चांदण्यांतला बाल्झाक

शहरांतील चौकांत उभे असलेले पुतळे हजारों लोक रोज पाहतात. पण लक्षपूर्वक पाहणारे त्यांत थोडेच असतात. कामाच्या घाईंत आणि वाहनांच्या गर्दींत पुतळ्याचा उपयोग बहुधा पत्ता सांगण्यापुरताच उरतो. अशा वेळीं एखादें उत्तम छायाचित्र हातीं पडतें, आणि ज्या पुतळ्याखालून वर्षानुवर्षें ये-जा केली तो जणू प्रथमच दृष्टीस पडतो. मग साहजिकच असा प्रश्न उभा राहतो कीं, छायाचित्रकारानें येथें केलें तें काय? शिल्पकारानें घडविलेल्या वस्तूची त्यानें नुसती नक्कल उतरून घेतली, कीं गायक एखादी चीज आपल्या गळ्यांतून पुन्हां उभी करतो त्याप्रमाणें त्या शिल्पाचा अर्थ लावला? केवळ तर्कानें या प्रश्नाची तड लागणें कठीण. त्यापेक्षां कलेच्या इतिहासांतील एका रात्रीची हकीकत पाहणें अधिक बोधप्रद होईल. ती रात्र १९०८ सालची, स्थळ पॅरिसजवळचें मदों नांवाचें गांव, शिल्पकार ओग्युस्त रोदँ आणि छायाचित्रकार एडवर्ड स्टायकन नांवाचा एकोणतीस वर्षांचा अमेरिकन तरुण. ज्या पुतळ्यासाठीं त्या रात्रीं कॅमेरा उभा राहिला, तो दहा वर्षांपूर्वीं साऱ्या पॅरिसनें हंसून धिक्कारलेला होता.

हा पुतळा ओनोरे द बाल्झाक या कादंबरीकाराचा. बाल्झाक १७९९ सालीं जन्मला आणि १८५० सालीं वारला. फ्रेंच लेखकांच्या ज्या संस्थेचें अध्यक्षपद त्यानें एके काळीं भूषविलें होतें, त्याच संस्थेनें पुढें त्याचें स्मारक उभारण्याचा संकल्प केला. प्रथम हें काम शापू नांवाच्या शिल्पकाराकडे सोंपविलेलें होतें. पण १८९१ सालीं तो निवर्तला. त्या वेळीं संस्थेचा अध्यक्ष होता एमिल झोला. त्याच्या आग्रहामुळें काम रोदँकडे आलें. दोन वर्षांच्या आंत पुतळा पुरा करण्याचें रोदँनें कबूल केलें. प्रत्यक्षांत सात वर्षें लागलीं.

ह्या विलंबाचें कारण आळस नव्हे. बाल्झाकला मरून चाळीस वर्षें झालेलीं. त्याचें १८४२ सालचें एक दागेरोटाइप चित्र आणि समकालीनांनीं काढलेलीं कांहीं रेखाटनें एवढीच सामग्री हाताशीं होती. रोदँ बाल्झाकच्या तूरेन प्रांतांत गेला आणि तेथील माणसांच्या चेहरेपट्टींत त्याची ठेवण शोधूं लागला. ज्या शिंप्यानें बाल्झाकचे कपडे शिवले होते त्याच्याकडून जुन्या मापांवरून त्यानें पुन्हां कपडे शिवून घेतले. बाल्झाकचें शरीर ठेंगणें, स्थूल आणि पोट सुटलेलें. असा देह स्मारकाच्या चौथऱ्यावर चढवावा कसा, हीच अडचण होती. रोदँनें त्याचीं अनेक रूपें घडविलीं आणि मोडलीं. कांहीं नग्न, कांहीं वस्त्रांत. शेवटीं मार्ग दिसला तो बाल्झाकच्याच एका संवयींतून. बाल्झाक रात्रीं लिहीत बसे. काळ्या कॉफीच्या पेल्यांवर पेले रिचवीत, मठांतल्या साधूसारखा सैल पायघोळ झगा अंगावर घेऊन पहाटेपर्यंत त्याची लेखणी चाले. रोदँनें खरोखरीचा झगा प्लॅस्टरमध्यें भिजवून घडीव देहावर पांघरला आणि त्याच्याखालीं पोट, हात, पाय सारें झांकून टाकलें. हातांत लेखणी नाहीं, बगलेंत पुस्तक नाहीं, पायाशीं कादंबऱ्यांतील पात्रांचा मेळा नाहीं. किंचित् मागें कललेला एक उंच उभा सुळका आणि त्याच्या टोंकाशीं खोल डोळ्यांचें, दाट केंसांचें, सिंहासारखें मस्तक! रात्रीच्या निवांत प्रहरीं कल्पनेनें झपाटून उठून उभा राहिलेला लेखक असा तो पुतळा होता. त्याची उंची सुमारें नऊ फूट.

१८९८ सालच्या वसंत ऋतूंत पॅरिसच्या वार्षिक कलाप्रदर्शनांत तो प्लॅस्टरच्या रूपांत लोकांपुढें आला. प्रदर्शन भरलें होतें शां द मार्सवरील यंत्रशाळेच्या अवाढव्य मंडपांत. लोखंड आणि कांच यांचा तो मंडप, सभोंवार इतर शिल्पांची दाटी आणि शेजारींच रोदँचेंच ‘चुंबन’ हें संगमरवरी शिल्प. त्या गुळगुळीत संगमरवराकडून प्रेक्षक वळे तो ह्या खडबडीत पांढऱ्या ढिगाकडे. पॅरिसकरांच्या विनोदबुद्धीला मग खळ उरला नाहीं. कोणी त्याला बर्फाचा बाहुला म्हटलें, कोणी प्लॅस्टरचें पोतें, तर कोणाला तो पाण्यांतून वर आलेला सील वाटला. लेखक-संस्थेच्या कार्यकारी मंडळानें मे महिन्यांत ठराव केला कीं, हें केवळ कच्चें रूप असून त्यांत आम्हांस बाल्झाक दिसत नाहीं. क्लॉद मोने, आनातोल फ्रान्स, क्लेमांसो अशा अनेकांनीं रोदँच्या पाठीशीं उभें राहून पत्रकावर सह्या केल्या. पण ते दिवस ड्रायफस-प्रकरणाचे होते. सह्या करणारांत ड्रायफसच्या कैवाऱ्यांचा भरणा मोठा, आणि आपलें शिल्प राजकीय वादाचें निशाण व्हावें हें रोदँला रुचेना. पुतळा विकत घेण्यास रसिक पुढें आले. त्यांनाहि त्यानें नकार दिला. घेतलेली आगाऊ रक्कम परत केली आणि पुतळा मदोंच्या आपल्या घरीं नेऊन ठेवला. संस्थेनें फाल्गिएर नांवाच्या दुसऱ्या शिल्पकाराकडून बसलेला बाल्झाक करून घेतला. तो १९०२ सालीं पॅरिसमध्यें उभा राहिला. लोकांच्या मतें प्रकरण तेथें संपलें.

परंतु पॅरिसमध्यें ज्याची थट्टा चालली होती त्या पुतळ्याचें चित्र अमेरिकेंतील वृत्तपत्रांतूनहि छापून आलें. मिल्वॉकी शहरांत तें एकोणीस वर्षांच्या एका तरुणाच्या पाहण्यांत आलें. लक्सेंबुर्गमध्यें जन्मलेला आणि बालपणींच अमेरिकेंत आलेला हा एडवर्ड स्टायकन तेथील एका लिथोग्राफीच्या छापखान्यांत उमेदवारी करीत होता आणि फावल्या वेळीं चित्रें व छायाचित्रें काढीत होता. वर्तमानपत्राच्या कागदावरील तें अस्पष्ट चित्र पाहून त्याला हसूं आलें नाहीं. एखादा डोंगरच सजीव होऊन उभा राहिला आहे, असें त्याला वाटलें. हें जेथें घडतें त्या पॅरिसला आपण गेलेंच पाहिजे, ही ओढ त्याच्या मनांत त्या चित्रानें पक्की केली. १९०० सालीं तो पॅरिसला पोंचला. त्या वर्षीं भरलेल्या जागतिक प्रदर्शनाच्या बाहेर आल्मा चौकांत रोदँनें आपल्या शिल्पांचा स्वतंत्र मंडप थाटला होता. तेथें स्टायकनला प्रत्यक्ष बाल्झाक दिसला आणि त्याच्याजवळ उभा असलेला त्याचा निर्माताहि. पुढल्या वर्षीं थाउलो नांवाच्या नॉर्वेजियन चित्रकाराच्या ओळखीनें त्याचा रोदँच्या घरीं प्रवेश झाला.

रोदँला छायाचित्रें नवीं नव्हतीं. आपल्या घडत्या शिल्पांचे फोटो काढवून घ्यावे, त्यांवर पेन्सिलीनें खुणा कराव्या आणि पुढची दुरुस्ती ठरवावी, ही त्याची जुनी रीत. आल्मा चौकाजवळ कॅफे चालविणारा ड्रुए नांवाचा गृहस्थ त्याच्यासाठीं फोटो काढीत असे. १८९८ सालच्या मंडपांतील बाल्झाकचींहि छायाचित्रें त्यानें घेतलीं आहेत. पण हीं बहुतेक चित्रें कामापुरतीं, म्हणजे साक्षीदाराच्या जबानीसारखीं. छायाचित्र ही स्वतंत्र कला होऊं शकते कीं तें यंत्राचें कसब आहे, हा वाद त्या काळीं युरोप-अमेरिकेंत ऐन भरांत होता. न्यूयॉर्कमध्यें आल्फ्रेड स्टीग्लिट्सनें १९०२ सालीं ह्या कलेच्या कैवाऱ्यांचा एक संघ काढला, आणि स्टायकन त्याचा बिनीचा शिलेदार होता. त्याच वर्षीं त्यानें रोदँचें एक चित्र तयार केलें. त्यांत रोदँची काळी आकृति आपल्या ‘विचारमग्न’ पुतळ्यासमोर बसली आहे आणि मागें व्हिक्टर ह्यूगोचें शुभ्र शिल्प आहे. शिल्पशाळेंत इतकी दाटी होती कीं, हें सारें एका भिंगांत मावेना. म्हणून स्टायकननें दोन वेगळ्या कांचा घेतल्या आणि त्यांचें एक चित्र जुळविलें. शिल्पाची नक्कल उतरण्यापलीकडे जाण्याची त्याची जिद्द या एका चित्रावरूनच दिसून येते.

आतां १९०८ सालाकडे वळावें. रोदँ सदुसष्ट वर्षांचा झाला होता. बाल्झाक हें आपल्या साऱ्या आयुष्याच्या साधनेचें फळ आहे, असें तो त्या वर्षींहि बोलून दाखवीत होता. पण पुतळ्याला चौक नव्हता, चौथरा नव्हता, ब्राँझचें रूपहि नव्हतें. उन्हाळा सरतां सरतां त्यानें स्टायकनला निरोप धाडला कीं, बाल्झाक शिल्पशाळेच्या बाहेर उघड्यावर काढीत आहें, त्याचीं छायाचित्रें घ्यावीं. आणि सुचविलें कीं, तीं चांदण्यांत घ्यावीं.

सूचना चमत्कारिक वाटण्यासारखी होती. पण स्टायकननें मदोंला जाऊन पुतळा दिवसा उजेडीं पाहिला, तेव्हां तिच्यांतील मर्म त्याच्या ध्यानीं आलें. सूर्यप्रकाशांत पांढरें प्लॅस्टर खडूसारखें रूक्ष आणि भगभगीत दिसे. साच्याच्या रेघा, पृष्ठभागाचा खडबडीतपणा, झग्याच्या घड्यांतले उंचवटे हें सारें सारख्याच आवाजांत ओरडूं लागे. प्रदर्शनाच्या मंडपांतील लोकांनीं पाहिला तो असाच, म्हणजे तपशीलानें भरलेला आणि आशयाला पारखा. रोदँनें तर सात वर्षें खपून तपशील काढून टाकला होता! दिवसाचा उजेड तो पुन्हां गोळा करून आणीत होता.

चांदण्याचें गणित मात्र सोपें नव्हतें. पौर्णिमेच्या चंद्राचा प्रकाश सूर्यप्रकाशाच्या सुमारें चार लाखांवा हिस्सा. उन्हांत जें काम क्षणाच्या अंशांत होतें, त्याला येथें तास घालवावा लागणार. किती वेळ भिंग उघडें ठेवावें हें सांगणारा ग्रंथ नव्हता कीं अनुभवी गुरु नव्हता. स्टायकननें अंदाजावर भिस्त ठेवली. सारी रात्र तो त्या टेकडीवर पुतळ्याबरोबर होता. एका कांचेला पंधरा मिनिटें, दुसरीला त्याहून अधिक, कोणा एकीला पुरा तास, असा त्याचा प्रयोग चालला होता. ह्या मंद प्रकाशाचा एक गुण असा कीं, चंद्र थांबत नाहीं. तासाभरांत तो आकाशाच्या पंधरा अंशांनीं सरकतो, आणि त्याच्यासवें पुतळ्यावरील सावल्याहि सरकतात. त्यामुळें छायेची कड कोठेंहि कापल्यासारखी राहत नाहीं. उजेड आणि अंधार एकमेकांत विरघळतात. बारीकसारीक खडबड नाहींशी होते आणि उरतो तो केवळ घाट, मागें झुकलेल्या त्या देहाचा तोल आणि डोळ्यांच्या खांचांतील काळोख. रोदँनें हातानें जें साधलें होतें तेंच चंद्रानें प्रकाशाच्या द्वारां पुन्हां करून दाखविलें.

त्या रात्रीच्या चित्रांपैकीं तीन विशेष प्रसिद्ध आहेत आणि त्यांच्या नांवांतच त्यांची वेळ नमूद केलेली आहे. एक रात्रीं अकराचें, ‘उघडें आकाश’. दुसरें मध्यरात्रीचें, ‘प्रकाशाकडे’. आणि तिसरें पहांटे चारचें, ‘छायाकृति’. हा वेळेचा उल्लेख सहज केलेला नाहीं. शिल्प हें चोहों बाजूंनीं पाहावयाचें असतें. प्रदक्षिणा घातल्याशिवाय तें पुरें कळत नाहीं. कॅमेऱ्याला तर डोळा एकच आणि तो एका जागीं खिळलेला. एका चित्रांत शिल्प सांगूं पाहणारा छायाचित्रकार म्हणूनच बहुधा फसतो. स्टायकननें एकाच चित्राचा अट्टाहास सोडला. वेगवेगळ्या प्रहरीं, वेगवेगळ्या बाजूंनीं, कधीं उजळलेलें तर कधीं नुसती काळी आकृति असें त्यानें तें शिल्प पाहिलें आणि चित्रांची मालिका केली. पाहणारा एका चित्राकडून दुसऱ्याकडे जातो तेव्हां तो त्या पुतळ्याभोंवतीं फिरत असतो आणि त्याच्याबरोबर रात्रहि सरकत असते. बाल्झाकच्या लिहिण्याची वेळ तीच होती हें लक्षांत घेतलें म्हणजे चांदण्याची निवड किती औचित्यपूर्ण होती हें पटतें.

सकाळीं न्याहारीला बसतांना स्टायकननें आपल्या बशीवरील रुमाल उचलला, तों त्याखालीं हजार हजार फ्रँकच्या दोन नोटा! शिल्पकारानें न बोलतां दिलेली ती दाद होती. मात्र स्टायकननें कच्चे ठसे दाखविण्याची घाई केली नाहीं. मोठ्या कांचा तयार करून रंगद्रव्याच्या पद्धतीनें त्यानें सावकाश पक्क्या प्रती काढल्या आणि आठवड्या-दोन आठवड्यांनीं त्या घेऊन तो मदोंला गेला. त्या पाहून रोदँला विलक्षण आनंद झाला. माझा बाल्झाक जगाला समजेल तो ह्या चित्रांमुळें समजेल, अशा आशयाचे उद्गार त्यानें काढल्याचें स्टायकननें पुढें लिहून ठेवलें आहे.

तें भाकित बरेंचसें खरें ठरलें. १९०९ सालीं न्यूयॉर्कमध्यें स्टीग्लिट्सच्या छोट्या चित्रदालनांत ह्या छायाचित्रांचें प्रदर्शन झालें. १९११ सालीं त्याच्या ‘कॅमेरा वर्क’ या त्रैमासिकाच्या जोड अंकांत तीं उत्कृष्ट छपाईंत प्रसिद्ध झालीं. ज्यांनीं पॅरिस पाहिलें नव्हतें आणि १८९८ चा उपहासहि ऐकला नव्हता, अशा रसिकांना बाल्झाक प्रथम भेटला तो ह्या रूपांत.

येथें एक आक्षेप विचारांत घेणें अवश्य आहे. असें म्हणतां येईल कीं, चांदण्यांतला हा बाल्झाक रोदँचा नसून स्टायकनचा आहे. धुक्यासारख्या प्रकाशांत कोणतीहि वस्तु गूढ आणि भव्य दिसते. मग श्रेय शिल्पाचें कीं रात्रीचें? खुद्द रोदँनेंच छायाचित्रणावर एक गंभीर आरोप केलेला आहे. १९११ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या कलाविषयक संवादांत तो म्हणतो कीं, कलावंत खरें बोलतो आणि फोटो खोटें बोलतो. कारण वास्तवांत काळ कधीं थांबत नाहीं. जेरिकोनें रंगविलेले चौखूर उधळलेले घोडे फोटोच्या पुराव्यानें चुकीचे ठरत असले, तरी डोळ्याला धांवतांना दिसतात ते तेच, असा त्याचा मुद्दा होता. जो शिल्पकार असें बोलतो, त्यानेंच आपल्या जिवलग शिल्पाची बाजू कॅमेऱ्यावर सोंपवावी ही विसंगति नव्हे काय?

बारकाईनें पाहिलें तर ही विसंगति उरत नाहीं. रोदँचा राग होता तो काळाचा एक क्षण कापून काढून त्यालाच सत्य म्हणणाऱ्या फोटोवर. स्टायकनच्या चित्रांत क्षण नाहींच. त्यांतील प्रत्येक कांचेवर पाव तासापासून तासभरापर्यंत पडलेला प्रकाश सांठला आहे. सरकत्या चंद्राचा प्रवास त्यांत उतरला आहे. काळ थांबविण्याऐवजीं त्यानें तो गोळा केला. आक्षेपाचा दुसरा भागहि असाच विचारांत घेतला पाहिजे. स्टायकननें चांदणें निवडलें हें खरें. पण प्रदर्शनाच्या मंडपांतील उजेडहि कोणी तरी निवडलेलाच होता! उजेडाशिवाय शिल्प दिसत नाहीं, आणि प्रत्येक उजेड आपल्या परीनें अर्थ लावतो. तेव्हां प्रश्न एवढाच राहतो कीं, कोणता उजेड शिल्पाच्या हेतूशीं इमान राखतो. उघड्या आकाशाखालीं, दुरून, वर मान करून पाहण्यासाठीं घडविलेलें स्मारक छपराखालीं हातभर अंतरावरून पाहून लोकांनीं निकाल दिला. स्टायकननें तें प्रथम आकाशाखालीं पाहिलें आणि पाहिलें तसें दाखविलें.

रोदँ १९१७ सालीं वारला. तोंपर्यंत बाल्झाक सार्वजनिक जागेंत उभा राहिला नव्हता. १९३९ सालच्या जुलै महिन्यांत, म्हणजे दुसरें महायुद्ध सुरू होण्याच्या अवघे दोन महिने अगोदर, पॅरिसमध्यें रास्पाय आणि मोंपार्नास ह्या दोन रस्त्यांच्या संगमाजवळ त्याची ब्राँझ प्रतिमा बसविण्यांत आली. प्रदर्शनांतील हंशाला एकेचाळीस वर्षें आणि चांदण्यांतील रात्रीला एकतीस वर्षें झालीं होतीं. आज तेथून जाणारा वाटसरू वर पाहतो, तेव्हां त्याला झाडांच्या वर, आकाशाच्या पार्श्वभूमीवर ती मागें झुकलेली काळी आकृति दिसते. स्टायकनच्या छायाकृतींत ती आधींच अशी दिसलेली आहे.

स्टायकन पुढें दीर्घायुषी झाला. १९४७ पासून १९६२ पर्यंत न्यूयॉर्कच्या आधुनिक कला-संग्रहालयांतील छायाचित्र-विभाग त्याच्या देखरेखीखालीं होता. त्यानें जुळविलेलें ‘मानवकुटुंब’ हें प्रदर्शन १९५५ सालीं तेथें भरलें आणि पुढें जगभर फिरून मुंबईलाहि आलें. त्याच सुमारास त्या संग्रहालयाच्या संग्रहांत रोदँच्या बाल्झाकची एक ब्राँझ प्रत दाखल झाली. वर्तमानपत्रांतील एका अस्पष्ट चित्रानें ज्याला समुद्रापार ओढून नेलें, त्याच्याच कचेरीच्या परिसरांत तो डोंगर येऊन उभा राहिला.

शिल्पाचें छायाचित्र घेऊं पाहणाऱ्याला ह्या हकीकतींतून घेण्यासारखें आहे तें एवढेंच. पुतळ्यासमोर जाऊन लगेच कळ दाबूं नये. तो कोणत्या उंचीवरून, कोणत्या उजेडांत, दिवसाच्या कोणत्या प्रहरीं पाहण्यासाठीं घडविला असेल याचा प्रथम शोध घ्यावा. त्याभोंवतीं फिरावें, दिवसा आणि रात्रीं जावें, वाट पाहावी. रोदँला शिल्पासाठीं सात वर्षें लागलीं. स्टायकनला चित्रासाठीं एक रात्र लागली. पण त्या रात्रीच्या मागें मिल्वॉकीपासून मदोंपर्यंतचीं दहा वर्षें होतीं, हें विसरतां येत नाहीं.